नदीकाठ बांधायचाय? आधी गटार, मग घाट

नदीकाठ सुधारणा, त्यातून होणारा व्यापार आणि लोकांचा वावर या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. नावं न देता फक्त गाव किंवा जिल्हा दिला आहे.

प्रश्न : आमचं शहर कृष्णाकाठी, लोकवस्ती ७० हजार. दोन किलोमीटर काठ सुधारायला निधी मंजूर झालाय. सल्लागाराच्या आराखड्यात जॉगिंग ट्रॅक, कारंजं, सेल्फी पॉइंट आणि दिव्यांचे खांब आहेत. मी या प्रभागाची नगरसेविका. कामाची सुरुवात कुठून करायला सांगू? (सातारा जिल्हा)

मैलापाण्यापासून. नाकाला पदर लावून चालावं लागत असेल, तर त्या ट्रॅकवर आठवडाभरानंतर कोणी फिरकत नाही, आणि माणसं नाहीत तिथे चहाची गाडीही टिकत नाही.

एप्रिल-मे महिन्यात, सकाळी ७ ते ९ या वेळात, ड्रेनेज विभागाच्या मुकादमाला बरोबर घेऊन काठ पायी फिरा. नदीला मिळणारा प्रत्येक पाइप आणि नाला नकाशावर मांडा. पाइपाखाली २० लिटरची बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते मोजा. चार सेकंदांत भरली तर सेकंदाला ५ लिटर, म्हणजे या वेगाने दिवसाला ४ लाख ३२ हजार लिटर. नाला मोठा असेल तर १० मीटरचा सरळ तुकडा निवडा, वरून लाकडाचा तुकडा सोडा आणि वेळ घ्या. रुंदी गुणिले खोली गुणिले वेग, आणि पृष्ठभागावरचं पाणी जास्त जोरात पळतं म्हणून आलेल्या आकड्याला ०.८५ ने गुणा. सकाळची वेळ सर्वांत जोराच्या प्रवाहाची असते, त्यामुळे दुपारी आणि रात्री पुन्हा मोजून सरासरी काढा.

आता हा हिशेब कागदावरच्या हिशेबाशी ताडून पाहा. माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा धरतात आणि त्यातलं ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, मैलापाणी होऊन बाहेर पडतं. ७० हजार वस्तीचं दिवसाला साधारण ७५ लाख लिटर. तुमच्या आकाराच्या शहराला गर्दीच्या वेळेचा प्रवाह सरासरीच्या सव्वादोन पट धरतात, म्हणून हे सगळे पाइप-नाले नदीआधीच गोळा करणारी वाहिनी सेकंदाला सुमारे २०० लिटर पाणी नेणारी लागेल. सगळं शहर एकाच काठाला उतरतं असं धरलं तर शेवटच्या टप्प्यात ६०० मिलिमीटर व्यासाची. या वाहिनीला साधारण ६५० मीटरला १ मीटर उतार हवा. उतार कमी पडला तर वेग मंदावतो, वाळू आणि मैला तळाला बसतो, आणि दोन वर्षांत अर्धी वाहिनी भरते.

या उताराने दोन किलोमीटरमध्ये वाहिनी तीन मीटर खाली जाते. म्हणजे शेवटी पंपिंग स्टेशन आलंच, आणि बहुतेक ठिकाणी योजना तिथेच बसते. वीज गेली की पंपाच्या विहिरीत मैलापाणी चढतं आणि बायपासमधून थेट नदीत जातं. म्हणून एक पंप बंद पडला तरी पूर्ण भार उचलेल असा राखीव पंप, जनरेटर आणि पंपाच्या आधी प्लास्टिक-चिंध्या अडवणारी जाळी या तीन गोष्टी निविदेतच लिहून घ्या. जाळी रोज साफ करायची असते. त्या माणसाचा पगार कोणत्या खात्यातून निघणार, हेही आजच ठरवून टाका.

ही वाहिनी काठालगतच जाते, बरोबर जिथे तुमचा ट्रॅक दाखवलाय तिथे. ट्रॅक आधी झाला तर पुढच्या वर्षी जेसीबी तोच ट्रॅक खोदेल. चेंबरची झाकणं पुराच्या पाण्याखाली जाणार असतील तर ती बोल्टने आवळायची घ्या. साधी झाकणं पुरात उचलली जातात आणि गाळ थेट वाहिनीत उतरतो.

काम जमलं का, हे पाण्याच्या तपासणीतच कळेल. आंघोळीसाठी योग्य पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम असावा लागतो. तपासणी मे महिन्यात करा. ऑगस्टमध्ये सगळ्याच नद्या स्वच्छ दिसतात.

प्रश्न : आम्ही सिंहगड रस्त्यालगत राहतो. निळी रेषा, लाल रेषा हे शब्द रोज ऐकतो. आमची सोसायटी रेषेबाहेर आहे असं सांगितलं गेलं होतं, तरी भीती वाटते. त्यात आता नदीकाठ सुधार प्रकल्पात पात्र अरुंद होणार असंही कोणी म्हणतं, होणार नाही असंही म्हणतं. आम्ही सामान्य माणसांनी नक्की काय तपासायचं? (पुणे)

या प्रश्नाला जरा जागा देतो, कारण काठावरचा प्रत्येक रुपया शेवटी या दोन रेषांवर उभा असतो.

आपल्या राज्यात निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, किंवा पात्राच्या मूळ वहनक्षमतेच्या दीडपट प्रवाहाची पातळी, यांतली जी जास्त असेल ती. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. तिथे बांधकाम अटींवर चालतं, आणि जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं.

‘२५ वर्षांतून एकदा’ या शब्दांनी फार लोक फसतात. एकदा पूर येऊन गेला, आता २५ वर्षं निवांत, असा त्याचा अर्थ नाही. दर पावसाळ्यात तो पूर येण्याची शक्यता ४ टक्के, एवढाच अर्थ. दहा वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता ३४ टक्के होते आणि २५ वर्षांत ६४ टक्के. वीस वर्षांचं गृहकर्ज काढणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

मुठेसाठी निळी रेषा ६० हजार क्यूसेकला आणि लाल रेषा एक लाख क्यूसेकला धरलेली आहे. तरी २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्यूसेक सुटले असताना सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. ६० हजारांची रेषा असताना ३५ हजारांत पाणी का यावं? अशा वेळी तीन गोष्टी बघायच्या. पहिली, धरणातून सुटलेलं पाणी म्हणजे शहरातल्या नदीचं सगळं पाणी नव्हे. धरणाखालच्या ओढ्या-नाल्यांचं, ज्याला अभियंते मुक्त पाणलोट म्हणतात, ते पाणी त्यात मिळतं आणि धरणाच्या आकड्यात ते दिसत नाही. दुसरी, रेषा आखली तेव्हाचं पात्र आणि आजचं पात्र एकच आहे का. काठावर राडारोड्याचा भराव पडला, पुलाचे खांब वाढले, गाळ बसला, की तेच पाणी वर चढतं. तिसरी, खालच्या अंगाला संगमापाशी दुसरी नदी फुगली असेल तर पाण्याचा तुंब मागे येतो.

आता पात्र अरुंद करण्याविषयी. समजा पात्र १०० मीटर रुंद आहे आणि पुरात ४ मीटर खोल वाहतं. उतार आणि तळ तसाच ठेवून दोन्ही बाजूंनी दहा-दहा मीटर आत घेतलं, तर तेवढंच पाणी जायला खोली ४.५७ मीटर लागते. सत्तावन्न सेंटिमीटर म्हणजे तळमजल्याच्या घरात गुडघ्याच्या वर. म्हणून ‘थोडंसंच आत घेतलंय’ हे वाक्य कधीही आकड्याशिवाय मान्य करू नका.

यावर सल्लागार सांगतात की भिंती गुळगुळीत केल्या, तळ साफ केला, त्यामुळे पाणी वेगाने जाईल आणि पातळी वाढणार नाही. गणितात हे बसतं. पात्राच्या खडबडीतपणासाठी ‘मॅनिंगचा एन’ नावाचा गुणक घेतात. साफ पात्राला ०.०२५ धरला आणि प्रत्यक्षात जलपर्णी, झुडपं, गाळ साचून तो ०.०३५ झाला, तर खोली २२ टक्क्यांनी वाढते. कागदावरचे ४ मीटर नदीत ४.९ होतात. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी पात्र साफ होईल, असं गृहीत धरलेला आराखडा ज्या वर्षी सफाईचं टेंडर रखडेल त्या वर्षी बुडवतो.

तेव्हा माहितीच्या अधिकारात हे मागा : पात्राचे दर ५० ते १०० मीटरवरचे आडवे छेद, कामाआधीचे आणि कामानंतरचे, सर्वेक्षणाच्या तारखेसह. हिशेबात धरलेला विसर्ग आणि त्यात मुक्त पाणलोटाचा वाटा किती. एनची किंमत प्रत्येक टप्प्याला किती धरली. आणि प्रत्येक पुलाच्या वरच्या व खालच्या बाजूची पूरपातळी. नुसता रंगीत नकाशा हातात दिला तर तो परत करा.

पुण्याच्या ४४ किलोमीटरच्या प्रकल्पाची तुलना साबरमतीशी नेहमी होते. साबरमतीत दोन्ही काठांना ११ किलोमीटरच्या वर काम झालं, पात्राची रुंदी २६३ मीटर अशी सारखी केली, ४.७ लाख क्यूसेकचा हिशेब धरला, आणि सुमारे २०० हेक्टर जमीन मिळवली. पण ती नदी वर्षातला बराच काळ कोरडी वाळू होती. आज तिथे दिसणारं पाणी नर्मदा कालव्याचं आहे आणि ते खाली वासणा बॅरेजने अडवलेलं आहे. मुठेच्या खोऱ्यात खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी धरणांची साखळी शहराच्या उशाशी आहे आणि पानशेतची १२ जुलै १९६१ची आठवण या शहराला आहे. तिथलं चित्र जसंच्या तसं इथे लावता येत नाही. आणखी एक लक्षात घ्या : पुण्यात मैलाशुद्धीकरणाची, जपानच्या जायका कर्जातली ११ केंद्रांची योजना (क्षमता दिवसाला ३९ कोटी ६० लाख लिटर) वेगळी आहे. आमचं स्पष्ट मत आहे की काठाचं काम या केंद्रांच्या पुढे पळता कामा नये.

प्रश्न : दर दोन-चार वर्षांनी आमचा घाट पाण्याखाली जातो. २०१९ साली आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. अशा ठिकाणी काही बांधण्यात अर्थ आहे का? संरक्षक भिंत घातली तर? (सांगली)

अर्थ आहे, पण बुडणार हे धरूनच बांधायला हवं.

आधी भिंतीचं बघू. सांगलीसारख्या गावात पाणी काठ ओलांडून येण्याआधी नाल्यांतून आणि गटारांतून उलटं येतं. भिंत घातली आणि नाल्यांच्या तोंडांना झडपा बसवल्या नाहीत, तर भिंतीच्या आत तितकंच पाणी दिसेल. झडप म्हणजे फ्लॅप गेट : वरून बिजागरीवर टांगलेला लोखंडी पडदा. आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर जातं, नदी चढली की तो दाबून बंद होतो. त्यात एक नारळ किंवा दुधाच्या पिशव्यांचा गठ्ठा अडकला तरी तो पुरता मिटत नाही. १ जूनच्या आत प्रत्येक झडप हाताने उघडून-मिटून पाहावी लागते. आणि झडपा मिटलेल्या असताना गावात पडणारा पाऊस बाहेर टाकायला पंप लागतात. पंपांशिवायची भिंत म्हणजे गावाभोवती बांधलेला हौद.

भिंती बहुधा पुराच्या माथ्यावर पडत नाहीत, पूर ओसरताना पडतात. चार दिवस पाण्यात राहून भिंतीमागची माती चिंब झालेली असते. नदी झपाट्याने उतरते, पण मातीतलं पाणी तेवढ्या झपाट्याने निघत नाही. समोरून आधार गेला, मागून दाब तसाच, आणि भिंत नदीकडे कलते. म्हणून दीड-दीड मीटरवर ७५ ते १०० मिलिमीटरचे झिरप-पाइप आणि त्यांच्या मागे खडी व जिओटेक्स्टाइल कापडाची गाळणी हवी. बिलात हे कापड लावलेलं दिसतं. जागेवर ते खरोखर अंथरलं का, हे भराव टाकण्यापूर्वी फोटो काढून ठेवा. नंतर बघायला मार्ग नाही.

दुसरी दुखरी जागा म्हणजे पायथा. पूर तळाची माती खरवडून नेतो आणि भिंत अधांतरी होते. गॅबियन, म्हणजे जाळीच्या दगडी पेट्या, इथे बऱ्या, कारण त्या थोड्या वाकतात पण तुटत नाहीत. दोन बाय एक बाय एक मीटरची पेटी भरली की तीन टनांच्या वर जाते. दगड जाळीच्या भोकापेक्षा मोठा, १५० ते २५० मिलिमीटरचा आणि हाताने रचलेला हवा. डंपरने ओतलेल्या पेट्या एका पावसात फुगतात. मैलापाण्याच्या तोंडाशी तार लवकर गंजते, तिथे पीव्हीसीचा लेप असलेलीच तार घ्या.

घाटाला टाकी लावलेला काळा दगड वापरा. पॉलिश केलेला ग्रॅनाइट शेवाळ धरला की काचेसारखा होतो. पेव्हर ब्लॉक नकोत, त्याखालची कच पूर काढून नेतो आणि फरशी लाटांसारखी होते. पायरी १५ सेंटिमीटर उंच, ३० ते ३५ रुंद, दर दहा-बारा पायऱ्यांनी मोकळा टप्पा. शेजारी चाकाच्या खुर्चीसाठी १ला १२ उताराची, दीड मीटर रुंद चढण, दर ९ मीटरवर सपाट थांबा. कठडे काढता येण्यासारखे ठेवा : दगडात पाइपाची खोबण, त्यात कठड्याचा पाय, आणि पावसाळ्यात खोबणीला टोपी. पक्क्या कठड्याला उसाचं पाचट आणि झाडांच्या फांद्या अडकून त्याचा बांध होतो आणि पूर तो मुळासकट उपटतो.

आणि गाळ. एक किलोमीटर घाट, दहा मीटर रुंदी, फक्त १० सेंटिमीटर गाळ धरला तरी १,००० घनमीटर होतो. ३५३ ब्रास. दोन ब्रासच्या टिपरच्या पावणेदोनशेच्या वर खेपा. तो ओला असताना दोन-तीन दिवसांत अग्निशमनच्या पाइपाने धुतला तर नदीच वाहून नेते. उन्हाने वाळला की कुदळ लागते. पाणी उतरायला लागलं की पाण्याच्या कडेकडेने खाली धूत जायचं. हा वार्षिक खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवा.

पाण्यात उभं राहायचं कसं, हे वाईच्या ढोल्या गणपतीकडून शिकावं. देवळाची मागची भिंत प्रवाह येतो त्या बाजूला टोकदार, नावेच्या नाळेसारखी आहे, पाणी फाटून दोन्ही बाजूंनी जातं. तुमचे मंडप, खांब, बाकं प्रवाहाला आडवे न ठेवता समांतर ठेवा. तसंच नाशिककर जसं गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पूर ओळखतात, तशी एक ठळक, सगळ्यांना दिसणारी पूरपट्टी घाटावर कोरून घ्या : इशारा पातळी, धोका पातळी, २०१९ची खूण.

प्रश्न : आमच्या नदीला आठ महिने पाणीच नसतं. बंधारा घालून बारमाही पाणी ठेवलं तर नौकाविहार, बाजार, सगळं सुरू होईल असं पालिकेत बोललं जातंय. (बीड)

बंधारा घालण्याआधी दोन आकडे काढा.

दोन किलोमीटर लांब, ६० मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल असं पाणी अडवलं तर साठा १८ कोटी लिटर होतो. त्यात रोज २० लाख लिटर मैलापाणी येत असेल तर ९० दिवसांत साठ्याएवढं मैलापाणी त्यात उतरलेलं असतं. ऑक्टोबरात भरलेलं स्वच्छ पाणी जानेवारीत जलपर्णीने झाकलं जातं, फेब्रुवारीत डास, मार्चमध्ये वास. वाहतं घाण पाणी थोडं तरी स्वतःला साफ करतं, साचलेलं कुजतं. दुसरा आकडा बाष्पीभवनाचा. उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर धरलं तर या साठ्यातून दिवसाला साडेनऊ लाख लिटर उडून जातं. ते कुठून आणणार?

मैलापाणी आधी अडवलंत आणि शुद्ध केलेलं पाणी वरच्या अंगाला सोडता आलं, तर मात्र कोल्हापूर पद्धतीचा बंधारा चांगला. पावसाळ्यात बरगे (खांबांच्या खाचांत बसवलेल्या लोखंडी फळ्या) काढून पात्र मोकळं करता येतं, ऑक्टोबरच्या मध्यानंतर ते पुन्हा घालता येतात. पक्का बंधारा गाळाने भरतो आणि पुराला अडवतो. बरग्यांची अडचण एकच, वेळ. वेळेवर काढले नाहीत तर पहिल्याच पुरात ते अडकतात, पाणी बगलेने काठ कापून नवी वाट करतं आणि बंधारा कोरडा उभा राहतो. काढलेले बरगे मोजून, कुलपात ठेवा. लोखंड चोरीला जातं.

तळाला काँक्रीट मुळीच नको. नाशिकला रामकुंड परिसरात पात्रातली जुनी कुंडं काँक्रीटखाली गेली आणि नंतर ते काढण्याची मागणी होऊन काम हाती घ्यावं लागलं. तळातून येणारे झरे एकदा बुजवले की हे उलटं काम महागात पडतं.

आठ महिने कोरड्या पात्राचाही उपयोग आहे. आठवडे बाजार, जत्रा, मुलांचं क्रिकेट. बांधकाम न करता सपाट केलेली, पावसाळ्यात नदीला परत देता येणारी जागा हा स्वस्तातला नदीकाठच आहे.

प्रश्न : आमच्या बचत गटाच्या बायकांना घाटावर गाळे मिळतील असं आश्वासन आहे. गाळ्याच्या भाड्यातून घाटाचा खर्च निघेल असं मुख्याधिकारी म्हणतात. हे जमतं का? (पैठण)

ताई, गाळे मागू नका, गाड्या मागा. निषिद्ध पट्ट्यात पक्का गाळा बांधताच येत नाही, आणि बांधला तरी पुरात माल जातो. चाकांची हातगाडी, पावसाळ्यात वर नेता येणारी, आणि तिच्यासाठी वीज-पाण्याची जोडणी पूररेषेच्या वरच्या बाजूला. ही व्यवस्था टिकते.

भाड्यातून खर्च निघत नाही, हे उदाहरणाने दाखवतो. ४० गाड्या, रोज ५० रुपये, वर्षाला ३०० दिवस धरले तर ६ लाख रुपये. सहा सुरक्षारक्षक, महिना १५ हजार पगाराने, १० लाख ८० हजार. झाडलोट, वीज, गाळ अजून धरलेलाच नाही. तूट भरून काढायला गाड्यांचं भाडं वाढवलं तर चहा महागतो, गिऱ्हाईक तुटतं, आणि सगळ्यांत आधी तुमच्याच बायका उठून जातात. नदीकाठाचं खरं उत्पन्न मागच्या रस्त्यावर होतं : तिथली दुकानं चालायला लागतात, घरांचं मोल वाढतं, मालमत्ता कर वाढतो. त्या वाढीचा ठरावीक हिस्सा घाटाच्या देखभालीला बांधून देणारा ठराव सर्वसाधारण सभेत मागा.

मिळवलेली जमीन विकून खर्च काढण्याचा मोहही टाळायला सांगा. साबरमतीला मिळवलेल्या जमिनीपैकी साधारण १४ टक्केच विक्रीसाठी ठेवली होती, आणि तीही विकायला फार वर्षं लागली. खर्च मात्र पहिल्या दिवसापासून होता.

तुमचा हक्क कायद्यात आहे. २०१४च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले, आणि त्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. सर्वेक्षण झाल्याशिवाय आधीपासून बसणाऱ्या विक्रेत्याला उठवता येत नाही. काम सुरू होण्याआधी सर्वेक्षणाची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. काठावर आज कोण काय करतं, याचीही यादी करा : परीट, भोई, कुंभार, गुरं पाण्यावर आणणारे, वाळवंटात भाजी लावणारे. साबरमतीकाठी धोबीघाट बांधून दिला आणि जुन्या रविवारी बाजाराला नवी जागा मिळाली, पण काठावरची हजारो झोपडपट्टीवासी कुटुंबं लांब हलवली गेली आणि त्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. यादी आधी असेल तर निदान भांडायला कागद असतो.

प्रश्न : इथल्या इझार नदीत लोक उन्हाळ्यात पोहतात. कोल्हापूरला पंचगंगेचं असं का होऊ नये? (म्युनिक, मूळ कोल्हापूर)

म्युनिकने २००० ते २०११ या काळात आठ किलोमीटरमध्ये जे केलं ते आपल्याकडच्या बहुतेक आराखड्यांच्या उलट आहे. त्यांनी काठाचं काँक्रीट फोडलं, पात्र रुंद केलं, गोट्यांचे उथळ किनारे होऊ दिले, आणि पूर रोखणारे बांध मागे शहराच्या बाजूला घेऊन मजबूत केले. वरच्या गावांच्या मैलाशुद्धीकरण केंद्रांत उन्हाळ्यात अतिनील किरणांनी जंतू मारण्याची सोय झाली, तेव्हा पोहणं शक्य झालं. इझार डोंगरी नदी, तिला वाहतं पाणी असतं. पंचगंगा मोसमी, आणि तिच्या काठी वरपासून गावं आहेत. तरी काठ मागे घेणं आणि वरच्या गावांचं पाणी आधी साफ करणं, या दोन गोष्टी इथे जशाच्या तशा उचलता येतात.

प्रश्न : काठावर कोणती झाडं लावावीत? (वाई)

पाण्याच्या कडेला वाळुंज, शेरणी आणि लव्हाळी. ती पुरात आडवी होतात आणि पुन्हा उभी राहतात. त्याच्या वर करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. उघड्या उतारावर वाळा : १० ते १५ सेंटिमीटरवर एक ठोंब, ओळी उताराला आडव्या, पहिल्या पावसानंतर लगेच. त्याची मुळं खोल जाऊन माती शिवून टाकतात. गुलमोहर पुरात पडतो, सुबाभूळ पसरतो, हिरवळीच्या गाद्या एका गाळात मरतात. आहेत ती जुनी झाडं हलवू नका. तीस वर्षांचा उंबर दुसरीकडे नेऊन लावला तरी त्याच्यावरची पाखरं तिथे जातीलच असं नाही.

प्रश्न : आमच्या घाटावरचे दिवे एका पुरात सगळे गेले. नवीन घेताना काय बघावं? (नाशिक)

दिवे जळाले असं वाटतं, पण आधी गेलेला असतो तो वीजपेटीचा डबा, ज्याला फीडर पिलर म्हणतात. तो खांबांच्या जवळ, म्हणजे पाण्याच्या जवळ बसवलेला असतो, कारण त्यात केबल वाचते. तो लाल रेषेच्या वर न्या, केबल जास्त लागली तरी चालेल. घाटाच्या खालच्या टप्प्याचं सर्किट वेगळं ठेवा, इशारा पातळी गाठताच तेवढंच बंद करता यावं, आणि ते बंद करणारा माणूस नावानिशी नेमलेला असावा. प्रत्येक सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, लावा. ओल्या पायाने उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्यावर असतो. जमिनीत बसवलेले दिवे आयपी ६८ दर्जाचे (पाण्यात बुडाले तरी आत पाणी न शिरणारे) घ्या, खांबावरचे आयपी ६५ (पाण्याचा फवारा सोसणारे) चालतात. जोडणीचे डबे जमिनीखाली नको, खांबावर किमान छातीच्या उंचीला. प्रकाश पिवळसर, २,७०० केल्विनच्या आसपास, आणि खाली वळलेला असावा. पाण्यावर झोत टाकू नका, किडे त्यावर जमून मरतात. पूर ओसरल्यावर गाळ धुवायच्या आधी मेगरने प्रत्येक केबलचं इन्सुलेशन तपासून घ्या. दिवे लावायची घाई झाली तरी ही तपासणी सोडू नका, कारण त्याच ओल्या पायऱ्यांवर सकाळी माणसं आंघोळीला उतरतात.